जुन्या टीव्हीला फायर टीव्ही स्टिक : चित्र ताळ्यावर येतं, डेटाचं गणित मात्र वेगळं

स्मार्ट टीव्ही असलेल्या घरात स्टिक फारशी लागत नाही. ती लागते जुन्या टीव्हीला. म्हणजे पंधरा वर्षांपूर्वी घेतलेला बत्तीस इंची 'एचडी रेडी', त्याच्याही आधीचा प्लाझ्मा, किंवा गावाकडच्या घरात अजून शाबूत असलेला पिक्चर ट्यूबचा डबा. आणि स्टिक लावल्यावर तक्रारी सुरू होतात त्याही याच टीव्हींवर. चित्र येतं आणि जातं, मेन्यूच्या कडा कापल्या जातात, पडद्यावर पांढऱ्या मुंग्या धावतात, कॅमेरा फिरला की चित्र ठेचकाळतं. दुकानदार अशा वेळी केबल बदलायला सांगतो, मग स्टिक बदलायला सांगतो, शेवटी टीव्हीच बदला म्हणतो. बऱ्याचदा यातलं काहीच करावं लागत नाही. स्टिकचं आउटपुट एक पायरी खाली बांधलं की काम होतं.

म्हणून या परीक्षणात ॲमेझॉनची फायर टीव्ही स्टिक (लाइट, एचडी आणि ४के ही मॉडेलं) एवढ्याच बाजूने तपासली आहे: रिझोल्यूशन हाताने बांधता येतं का, पडदा काळा झाला असतानाही ते बदलता येतं का, आणि बांधल्यावर नेमकं काय सुधारतं. अलेक्सा किती हुशार आहे, होम स्क्रीनवर जाहिराती किती, हे इथे नाही. (जाहिराती भरपूर आहेत, एवढं सांगून पुढे जाऊ.)

आधी निकाल. जुन्या टीव्हीसाठी हे यंत्र चांगलं आहे, आणि त्याचं कारण चित्राचा दर्जा नाही. रिझोल्यूशनची सोय मेन्यूत सरळ दिसते आणि आंधळेपणानेही चालवता येते, हे कारण. उणीव एकच पण मोठी: आउटपुट ७२०पी (७२० आडव्या रेघांचं चित्र) केलं म्हणजे इंटरनेटही तेवढंच कमी लागेल, अशी खात्री ही स्टिक देत नाही. त्याचा बंदोबस्त वेगळा करावा लागतो.

'ऑटो' चुकतं कुठे

स्टिक एचडीएमआयला लावली की ती टीव्हीला विचारते, तुला काय काय झेपतं. टीव्ही उत्तरादाखल ईडीआयडी नावाची छोटी यादी पाठवतो. मूळ यादी फक्त १२८ बाइटची, बहुतेक टीव्हींत तिला आणखी १२८ बाइटची पुरवणी जोडलेली. स्टिक त्यातला सर्वात वरचा पर्याय उचलते. 'ऑटो'चा अर्थ एवढाच. चित्र नीट दिसतंय की नाही, हे तिला कळत नाही.

आता जुन्या टीव्हीचं बघा. 'एचडी रेडी' म्हणून विकलेल्या बत्तीस इंची टीव्हीचा पडदा सहसा १३६६ × ७६८ ठिपक्यांचा असतो. पण एचडीएमआयवर तो १०८०पी घेतो आणि आत स्वतःच लहान करून दाखवतो. यादीत १०८०पी आहे म्हणून स्टिक १०८०पी पाठवते. टीव्हीची जुनी चिप ते चित्र ०.७१ पटीने आकसते, आणि ते काम धड जमलं नाही तर अक्षरांच्या तिरक्या रेघांना दात येतात, बारीक सबटायटल्स लुकलुकतात. ७२०पी पाठवलं तर टीव्हीला फक्त १.०७ पट ताणायचं असतं. थोडा मऊपणा येतो, पण दात जातात. कोणतं बरं दिसेल हे टीव्हीच्या चिपवर ठरतं, म्हणून दोन्ही लावून पाहावं. कसोटीसाठी सिनेमा लावू नका. सेटिंग्जच्या यादीतली बारीक अक्षरं आणि सबटायटल्स पाहा, फरक तिथे लगेच कळतो. चित्र जवळजवळ सारखंच वाटलं तर १०८०पी ठेवावं, उगाच खाली येण्यात अर्थ नाही.

२००५ ते २००८च्या काळातले काही टीव्ही १०८०आय (एक सोडून एक रेघ पाठवणारी जुनी पद्धत) घेतात पण १०८०पी घेत नाहीत. तिथे ७२०पी हाच उतारा. बेचाळीस इंची जुने प्लाझ्मा आणखी चमत्कारिक: पडदा १६:९चा, पण ठिपके १०२४ × ७६८. म्हणजे प्रत्येक ठिपका आडवा लांबट. अशा पडद्यावरही ७२०पीच शोभतं.

मुंग्यांचं कारण मात्र बहुतेकदा टीव्हीत नसतं, तारेत असतं. १०८०पी ६० हर्ट्झला (सेकंदाला ६० चित्रं) एचडीएमआयच्या तारेतून १४८.५ मेगाहर्ट्झच्या गतीने माहिती जाते, ७२०पीला बरोबर निम्म्या, ७४.२५ मेगाहर्ट्झने. जुन्या 'स्टँडर्ड' एचडीएमआय केबलची परीक्षा त्या निम्म्या गतीलाच झालेली असते. भिंतीतून नेलेली पाच-दहा मीटरची तार असेल आणि १०८०पीला पांढरे ठिपके उडत असतील, तर भिंत फोडण्याआधी ७२०पी लावून बघा. स्टिक थेट टीव्हीच्या पोर्टात असेल तर हा प्रश्न सहसा येत नाही, पण मध्ये स्विच, स्प्लिटर किंवा ॲम्प्लिफायर असेल तर येतो.

जुन्या टीव्हींचा आणखी एक वर्ग लोकांच्या लक्षात येत नाही: पहिल्या पिढीतले ४के टीव्ही. एचडीएमआय २.० हे मानक सप्टेंबर २०१३चं. त्याआधीच्या १.४ पोर्टवर ४के चित्र जास्तीत जास्त ३० हर्ट्झला जातं. शिवाय अशा बऱ्याच टीव्हींत एचडीसीपी २.२ (नक्कलविरोधी कुलूप) नाही, आणि ते नसेल तर नेटफ्लिक्स किंवा प्राइमचं ४के मुळात मिळतच नाही. अशा टीव्हीवर ४के स्टिक लावून २१६०पी ३० हर्ट्झ ठेवलं, तर ४के सिनेमा नाही तो नाहीच, वर मेन्यू आणि क्रिकेट दोन्ही अडखळत चालतात. सरळ १०८०पी ६० किंवा ५० हर्ट्झला बांधा. पंचावन्न इंची महागड्या टीव्हीच्या मालकाला हे पटवणं जड जातं, पण चेंडू गुळगुळीत धावताना दिसला की वाद संपतो.

बदल कसा करायचा

सेटिंग्ज, मग डिस्प्ले अँड साउंड्स, मग डिस्प्ले, मग व्हिडिओ रिझोल्यूशन. तिथे ऑटोखाली ७२०पी आणि १०८०पी, प्रत्येकी ५० व ६० हर्ट्झमध्ये दिसतात. ४के मॉडेलांत २१६०पीचे पर्याय वाढतात. निवड केली की पडदा क्षणभर काळा होतो आणि हे ठेवायचं का असा प्रश्न येतो. चित्र आलंच नाही तर काही न दाबता थांबायचं, स्टिक आपोआप आधीच्या जागी येते. घाबरून रिमोटची बटणं दाबत सुटणं हीच इथली नेहमीची चूक.

पण चित्रच नसेल तर मेन्यूत जाणार कसं? या स्टिकला जुन्या टीव्हीसाठी पसंती द्यावी, ती याच उत्तरामुळे. रिमोटवरचं वरचं बाणाचं टोक आणि रिवाइंड (दोन डावे बाण) ही दोन बटणं एकत्र पाच सेकंद दाबून धरायची. स्टिक एकेक रिझोल्यूशन लावून पाहू लागते, प्रत्येकावर साधारण दहा सेकंद थांबते. ज्या पायरीला चित्र दिसेल तिथे 'यूज करंट रिझोल्यूशन' निवडायचं. रिमोट ब्लूटूथवर चालतो, त्यामुळे तो स्टिककडे रोखून धरावा लागत नाही. स्टिक टीव्हीमागे दडलेली असली तरी बिघडत नाही. फोनवरून आई-वडिलांना समजावता येण्याइतकी ही कृती सोपी आहे: "वरचं टोक आणि दोन डावे बाण, पाच आकडे मोजा."

कडा कापल्या जात असतील तर तो रिझोल्यूशनचा दोष नाही. जुने टीव्ही चित्र मुद्दाम थोडं मोठं करून कडा लपवतात, त्याला ओव्हरस्कॅन म्हणतात. आधी टीव्हीच्या स्वतःच्या मेन्यूत 'जस्ट स्कॅन', 'स्क्रीन फिट', 'फुल पिक्सेल' किंवा 'डॉट बाय डॉट' असं काही आहे का बघा. नाव कंपनीगणिक बदलतं. ते नसेल तरच स्टिकच्या डिस्प्ले मेन्यूतलं 'कॅलिब्रेट डिस्प्ले' वापरा. त्यात चार कोपऱ्यांतले बाण पूर्ण दिसेपर्यंत चित्र आत घ्यायचं असतं. उलट क्रमाने केलं तर चित्र दोनदा ताणलं-आकसलं जातं आणि अक्षरं आणखी पुसट होतात.

चेहरे हिरवे किंवा जांभळट दिसले तर त्याच मेन्यूत कलर फॉरमॅट 'ऑटो'वरून आरजीबी करून पाहा, तसं नाही जमलं तर वायसीबीसीआर. कलर डेप्थ जुन्या टीव्हीला ८ बिटवरच ठेवावी. ४के मॉडेल असेल तर एचडीआर (उजेड-अंधाराचा जास्त पल्ला दाखवणारी सोय) बंद करावं. आणि 'मॅच ओरिजिनल फ्रेम रेट' (व्हिडिओगणिक हर्ट्झ आपोआप बदलणारी सोय) हेही जुन्या टीव्हीवर बंदच बरं. हेतू चांगला आहे, पण दर वेळी टीव्हीला नव्याने जुळवून घ्यावं लागतं, आणि जुना टीव्ही त्यासाठी पडदा दोन-तीन सेकंद काळा ठेवतो.

पन्नास की साठ

ही निवड लोक सहसा दुर्लक्षितात, खरं तर जुन्या टीव्हीवर सर्वात जास्त फरक हिच्यामुळे पडतो. आपल्याकडचं टीव्ही प्रक्षेपण पहिल्यापासून ५० हर्ट्झचं, रंगीत झालं ते पाल पद्धतीने. मराठी मालिका सेकंदाला २५ चित्रांच्या हिशेबाने बनतात आणि ॲपवरही तशाच येतात. स्टिक ६० हर्ट्झला असेल तर २५ चित्रं ६० जागांत बसवावी लागतात: पंधरा चित्रं दोनदा, दहा चित्रं तीनदा. हा असमान हिशेब डोळ्याला झटक्यांसारखा दिसतो. विशेषतः कॅमेरा वाड्याच्या ओसरीवरून आडवा फिरतो तेव्हा. ५० हर्ट्झ केलं की प्रत्येक चित्र दोनदा, झटके संपले. भारतातल्या वाहिन्यांवरच्या क्रिकेटलाही हेच लागू.

मग सगळ्यांनी ५० करावं का? नाही. मोबाइलवर चित्रित झालेले यूट्यूबचे बहुतेक व्हिडिओ ३० किंवा ६० चित्रांचे असतात. ते ५० हर्ट्झला अडखळतात. सिनेमा २४ चित्रांचा. तो दोन्हीकडे थोडा थोडा अडखळतो, पण ५०ला सेकंदाला दोनच चित्रं तीनदा येतात, तर ६०ला दर दुसरं. घरात मालिका आणि मॅच जास्त चालत असतील तर ५०, यूट्यूब जास्त असेल तर ६०. नव्या टीव्हीत हे झटके बुजवणारी यंत्रणा असते, जुन्यात नसते. म्हणून ही चर्चा इथे.

डेटा का वाचत नाही

रिझोल्यूशन दोन ठिकाणी असतं. एक, ॲप इंटरनेटवरून जे चित्र ओढतं त्याचं. दोन, स्टिक एचडीएमआयमधून जे बाहेर टाकते त्याचं. डिस्प्ले मेन्यूतलं बंधन दुसऱ्यावर आहे. काही ॲप आउटपुट पाहून ओढणं कमी करतात, काही १०८०पी ओढून स्टिकमध्ये ७२०पी करतात. म्हणजे तुमचा डेटा गेला तो गेलाच. मोबाइल हॉटस्पॉटवर स्टिक चालवणाऱ्या घरांना हे समजलं नाही, तर दिवसाचा दीड जीबी मालिकेच्या एका भागात उडतो आणि दोष सिमकार्डाच्या कंपनीला जातो.

आकडे पाहा. नेटफ्लिक्स स्वतः सांगतं त्यानुसार 'लो'वर तासाला ०.३ जीबीपर्यंत, 'मीडियम'वर ०.७ जीबीपर्यंत, 'हाय'वर एचडीला ३ जीबीपर्यंत आणि ४केला ७ जीबीपर्यंत डेटा लागतो. ही मर्यादा स्टिकमध्ये सापडत नाही. ब्राउझरमध्ये नेटफ्लिक्सच्या खात्यात जाऊन, त्या त्या प्रोफाइलच्या 'प्लेबॅक सेटिंग्ज'मध्ये ती बांधायची. प्रत्येक प्रोफाइलला वेगळी. आजोबांच्या प्रोफाइलला 'मीडियम' करून स्वतःच्या प्रोफाइलवर पाहत बसलात तर उपयोग नाही. बदल लागू व्हायला काही तासही लागू शकतात, त्यामुळे लगेच मीटर पाहून निराश होऊ नका. बत्तीस इंची पडदा दहा फुटांवरून पाहताना 'मीडियम' पुष्कळ चालतं. पिक्चर ट्यूबच्या टीव्हीवर तर 'मीडियम' आणि 'हाय'मधला फरक ओळखणं कठीण.

स्टिकमध्येच 'प्रेफरन्सेस'खाली 'डेटा मॉनिटरिंग' आहे. ते चालू केलं की व्हिडिओचा दर्जा गुड, बेटर, बेस्ट असा निवडता येतो, महिन्याची मर्यादा ठरवून इशारा लावता येतो, आणि कोणतं ॲप किती डेटा खातंय तेही दिसतं. प्राइम व्हिडिओपुरतं हे उपयोगी. बाकीच्या ॲपांवर त्याच्या भरवशावर राहू नये. यूट्यूबमध्ये व्हिडिओ चालू असताना चाकाच्या चिन्हात जाऊन ४८०पी निवडता येतं, पण पुढच्या व्हिडिओला ते टिकेल याची हमी नाही. यूट्यूबच्याच शिफारशीनुसार ४८०पीला १.१, ७२०पीला २.५ आणि १०८०पीला ५ एमबीपीएस वेग लागतो. तासाच्या हिशेबात हे साधारण अर्धा, सव्वा आणि सव्वादोन जीबी होतात.

सर्व ॲपांना एकदम लगाम घालायचा तर तो राउटरवर. अनेक राउटरांत यंत्रागणिक वेगमर्यादा घालता येते. कुठे 'बँडविड्थ कंट्रोल', कुठे 'क्यूओएस' असं त्याचं नाव. स्टिकला ३ एमबीपीएस दिले की ॲप आपणहून ७२०पीच्या आसपास स्थिरावतं, कारण ही सगळी ॲप मिळणाऱ्या वेगानुसार दर्जा खाली-वर करतात. १.५ एमबीपीएस दिले तर ४८०पी. त्याहून खाली जाऊ नये, चाक फिरत राहतं. तोटा असा की स्टिकचे अपडेटही त्याच गतीने उतरतात. पहिल्यांदा स्टिक लावताना मर्यादा काढून ठेवा, सगळे अपडेट होऊ द्या, मग बांधा. मोबाइल हॉटस्पॉटवर ही सोय सहसा नसते, तिथे ॲपच्या आतलाच लगाम.

बांधलेलं खरंच लागू झालं का, हे तपासायची सोय स्टिकमध्ये आहे आणि ती फार कमी लोकांना ठाऊक आहे. रिमोटचं मधलं बटण आणि खालचं टोक एकत्र चार-पाच सेकंद धरा, सोडा, आणि लगेच मेन्यूचं (तीन रेघांचं) बटण दाबा. डेव्हलपर टूल्स उघडतात. त्यात 'सिस्टिम एक्स-रे' चालू केलं की पडद्याच्या वर एका पट्टीत आउटपुट, प्रोसेसर, मेमरी आणि नेटवर्कचा वापर दिसत राहतो. 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स' लावले तर चालू व्हिडिओचं स्वतःचं रिझोल्यूशनही दिसतं. आउटपुट ७२० आणि व्हिडिओ १०८० असं दिसलं, तर वर सांगितलेली गळती तुमच्याच घरात आहे. काम झालं की पट्टी बंद करा, नाहीतर घरच्यांना टीव्ही बिघडला असं वाटतं.

पिक्चर ट्यूबचा टीव्ही

डीटीएचच्या बऱ्याच पेट्यांना लाल-पांढरं-पिवळं आउटपुट असतं, स्टिकला फक्त एचडीएमआय. त्यामुळे मध्ये कन्व्हर्टर लागतो. लॅमिंग्टन रोडवर किंवा तपकीर गल्लीत चार-पाचशे रुपयांत तळहाताएवढी डबी मिळते. घेताना डबीवरची अक्षरं वाचा: आपल्याला 'एचडीएमआय टू एव्ही' हवा. 'एव्ही टू एचडीएमआय' दिसायला जुळा भाऊ आहे, पण उलट्या दिशेने चालतो, आणि लोक नेमका तोच घरी आणतात.

डबीच्या बाजूला पाल आणि एनटीएससी (अमेरिकेची ६० हर्ट्झची पद्धत) अशी छोटी पट्टी असते. ती पालवर हवी. फक्त पाल ओळखणाऱ्या टीव्हीवर एनटीएससी पाठवलं तर चित्र काळं-पांढरं होतं किंवा वरून खाली घसरत राहतं, कारण रंगाचा संकेत पालमध्ये ४.४३ मेगाहर्ट्झवर असतो आणि एनटीएससीत ३.५८वर. स्टिक ७२०पी ५० हर्ट्झला बांधा. डबीला शेवटी ५० हर्ट्झचंच चित्र बनवायचं आहे. ६० दिलं तर ती मधली चित्रं गाळते आणि झटके येतात. १०८०पीही चालतं, पण शेवटी ५७६ रेघाच उरणार असताना त्याने मिळणार काही नाही. डबीला स्वतःचा पाच व्होल्टचा पुरवठा द्यावा. एचडीएमआयच्या जिवावर चालते म्हणून विकली जाणारी डबी पुढे लहरी निघते.

आवाज आला नाही तर स्टिकमध्ये ऑडिओखाली 'सराउंड साउंड' पीसीएम करा. डॉल्बी संकेत या डब्यांना कळत नाही. जुन्या एलसीडीवर आवाज गायब झाला तरी पहिला उपाय हाच.

माणसं उंच आणि हडकुळी दिसतील, कारण १६:९ चित्र ४:३ पडद्यात दाबलं जातं आणि स्वस्त डब्या वर-खाली काळ्या पट्ट्या सोडत नाहीत. सोनीच्या वेगासारख्या काही ट्यूब टीव्हींच्या मेन्यूत १६:९ची सोय असते, ती लावली की प्रमाण सुधारतं. स्टिकचं 'कॅलिब्रेट डिस्प्ले' इथे कामाचं नाही, ते दोन्ही बाजू सारख्याच आकसतं. आणि ॲपांची बारीक अक्षरं ५७६ रेघांत वाचता येत नाहीत, हे आधीच मान्य करून ठेवावं. सबटायटल्सचा आकार वाढवता येतो, मेन्यूचं काही करता येत नाही.

जिथे रिझोल्यूशनचा इलाज चालत नाही

मेन्यू दिसतो, यूट्यूब चालतं, पण नेटफ्लिक्स किंवा प्राइम लावलं की काळा पडदा किंवा एचडीसीपीची सूचना: इथे ७२०पी करून काही होणार नाही. मध्ये असलेला स्प्लिटर, कन्व्हर्टर किंवा टीव्हीचं जुनं डीव्हीआय पोर्ट नक्कलविरोधी कुलूप उघडू शकत नाही, असा त्याचा अर्थ. मधली सगळी उपकरणं काढून स्टिक थेट टीव्हीला लावा. तरीही तेच असेल तर तो टीव्ही या सेवांसाठी बाद.

स्टिक वारंवार रीस्टार्ट होते, लोगोवरच अडकते, वायफाय सुटतं: हा वीजपुरवठ्याचा दोष. लाइटसोबत पाच व्होल्ट एक अँपिअरचा अडॅप्टर येतो. जुन्या टीव्हीचं यूएसबी पोर्ट अर्धा अँपिअर देतं, काहींवर तर 'फक्त सर्व्हिससाठी' असं लिहिलेलंच असतं. अडॅप्टर भिंतीच्या सॉकेटातच लावा. सोबतची छोटी एचडीएमआय एक्स्टेंशन तार टाकून देऊ नका. ती लावली की स्टिक टीव्हीच्या पत्र्यापासून थोडी दूर राहते, गरम कमी होते आणि वायफायही बरं पकडते.

कोणतं मॉडेल, आणि दुसरं काय

लाइट आणि एचडी दोन्ही १०८०पीपर्यंतच जातात, दोन्हींत १ जीबी मेमरी आणि ८ जीबी साठवण. लाइटच्या रिमोटला आवाजाची आणि टीव्ही बंद-चालूची बटणं नाहीत, त्यामुळे टीव्हीचा जुना रिमोट जिवंत ठेवावा लागतो. एचडीच्या रिमोटला ती आहेत. १ जीबी मेमरीत ॲप बदलताना स्टिक रेंगाळते, आणि हे वर्षागणिक वाढत जातं. म्हणून पडदा ७६८ रेघांचा असला, तरी दोन-तीन वर्षं वापरायची असेल तर २ जीबी मेमरीचं ४के मॉडेल घेऊन ते १०८०पी किंवा ७२०पीला बांधावं, असं आमचं मत. ४केसाठी नाही, मेमरीसाठी. ट्यूबच्या टीव्हीला मात्र हा खर्च करू नये, तिथे लाइट पुरे.

शाओमीच्या आणि इतर अँड्रॉइड टीव्ही पेट्यांतही डिस्प्लेखाली रिझोल्यूशनची यादी मिळते, काहींत ती फायरपेक्षा लांब असते. १०८०आय घेणाऱ्या जुन्या टीव्हीला त्या बऱ्या पडतात. पण पडदा काळा असताना बटणांनी रिझोल्यूशन फिरवायची सोय तिथे गृहीत धरू नका. चित्र गेलं तर पेटी दुसऱ्या टीव्हीला लावून सेटिंग बदलून आणावं लागू शकतं. गूगलचं बिनरिमोटचं जुनं क्रोमकास्ट या कामासाठी घेऊ नये. त्यात ५० हर्ट्झची एक कळ होती, रिझोल्यूशनची यादी नव्हती, आणि ते बाजारातून गेलंही आहे.

अमेरिकेत मुलांकडे राहायला गेलेल्या मंडळींना रोकू (टीव्हीला लावायचं असंच दुसरं यंत्र) भेटतो, भारतात तो विकला जात नाही. त्यात 'डिस्प्ले टाइप'मध्ये ७२०पी टीव्ही निवडता येतो. शिवाय होम पाच वेळा, रिवाइंड तीन वेळा, फास्ट फॉरवर्ड दोन वेळा दाबलं की बिटरेट (सेकंदाला येणारा डेटा) बांधायचा एक लपलेला पडदा उघडतो. फायरमध्ये नेमकी हीच सोय नाही. तरी तिच्यावर भिस्त ठेवू नका, बरीच चॅनेल हे बंधन मानत नाहीत. तिथली वीज ६० हर्ट्झची, टीव्हीही बहुधा ६०चेच, त्यामुळे मराठी मालिका तिकडे थोडी अडखळतच पाहावी लागते. फायर टीव्ही तिकडे नेऊन ५० हर्ट्झला बांधायचा विचार असेल, तर आधी तो टीव्ही ५० हर्ट्झ घेतो का ते बघा. अमेरिकेत विकलेले सगळेच घेत नाहीत.